गॅरेजमधला कुलवृत्तांत

कॅनबेरा,
जुलै, रविवार सकाळ

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, फोनवर तुमचं एकच पालुपद, "फाईल निघाली का, हो की नाही तेवढं सांग." तर हो, निघाली. पण तेवढ्या 'हो'पायी या घरात जे रामायण घडलं, ते फोनवर सांगायचं म्हणजे आई मागून "काय म्हणतेय हो ती?" करत राहणार आणि तुम्ही तिला निम्मंच सांगणार. त्यापेक्षा लिहून पाठवते. शुद्धलेखनाच्या चुका काढा, पण लाल शाईनं दुरुस्त करून पत्र परत धाडू नका.

तुम्ही दोघं २००२ साली इथे आला होतात, तेव्हा थंडीत बाहेर पाऊल टाकवत नाही म्हणून तुम्ही मागच्या खोलीत बसून सबंध कुलवृत्तांत टाईप केला होतात. तो विंडोज ९८वाला कॉम्प्युटर गॅरेजमध्ये जुन्या रजयांखाली होता. तुमच्या जावयांनी तो इतकी वर्षं टाकू दिला नाही, आणि आता "बघ, मी म्हणत नव्हतो!" हे वाक्य मला रोज चहाबरोबर मिळतं.

चालू झाला, हेच नवल. आतली नाण्याएवढी बॅटरी मेलेली, त्यामुळे त्याच्या लेखी अजून १९९९ सालचा जानेवारी चालू आहे. वाय-टू-केची धास्तीसुद्धा त्याला अजून घ्यायची आहे. मग त्यानं पासवर्ड विचारला. बाबा, तुम्ही तो पासवर्ड आठवण्यासाठी दोन रात्री जागलात असं आई म्हणाली. विंडोज ९८ला पासवर्ड येत नसेल तर 'रद्द' दाबायचं, तो मुकाट्यानं आत सोडतो. पासवर्ड नुसता विचारायची रीत म्हणून विचारायचा.

आता तुम्ही म्हणणार, पेनड्राईव्ह लावायचा आणि फाईल काढायची, हाय काय अन् नाय काय. लावला. त्या काळच्या विंडोजला पेनड्राईव्ह ही वस्तूच ठाऊक नाही. प्रत्येक पेनड्राईव्हचा वेगळा ड्रायव्हर आधी त्याच्या गळी उतरवावा लागतो, आणि तो ड्रायव्हर उतरवायचा कशातून? पेनड्राईव्हमधून! फ्लॉपीत मावतात १.४४ एमबी, आणि तुम्ही तर आजोबांचा फेट्यातला फोटो स्कॅन करून प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला डकवलाय. धाकटा म्हणाला, "हार्ड डिस्क काढा, अडॅप्टरला लावा, दहा मिनिटांत काम." मुद्दा बरोबर होता. त्यावर तुमचे जावई त्याच्याकडे असे बघत राहिले की जसं काही त्यानं सत्यनारायणाचा प्रसाद नको म्हटलं. म्हणाले, "दोन कॉम्प्युटर एका घरात असताना त्यांना एकमेकांशी बोलता येऊ नये?"

बोलायचं म्हणजे आधी कान हवेत. जुन्यात नेटवर्क कार्डच नव्हतं, नुसता टेलिफोनचा मोडेम. मग जुन्या खोक्यातलं एक कार्ड बसवलं. विंडोज ९८ची एक खोड आहे. त्यात नेटवर्कचं काहीही बदला, तो आधी आपली सीडी मागतो, मग म्हणतो, "मी बंद होऊन परत चालू होऊ का?" कार्ड घातलं, रीस्टार्ट. आयपी पत्ता दिला, रीस्टार्ट. पत्त्यातला एक आकडा बदलला, पुन्हा रीस्टार्ट. दर खेपेला गॅरेजमधून ती सुरू होतानाची टण्-टण् धून आणि पाठोपाठ जावयांचं "आलं, आलं!" मी तेवढ्या वेळात डाळ-तांदूळ निवडून, खिचडी शिजवून मोकळी.

शेवटी दोन्ही यंत्रं एकाच तारेवर आली. जुन्यानं तुमचा फोल्डर 'शेअर' केला, जावई लॅपटॉपसमोर बसले, आणि नव्या विंडोजनं तोंड फिरवलं. त्याचं म्हणणं असं, की समोरचा जी पद्धत वापरतोय ती कालबाह्य आणि असुरक्षित आहे, मी बोलणार नाही. आई, आपल्या अण्णाकाका-बापूकाकांचं झालं होतं ना विहिरीच्या वाटणीनंतर, तसंच. एक वाडा, एक आड, समोरासमोर ओसरी. पण शब्द नाही. दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू यायचं, तरी "अण्णांना सांग, गाय सुटलीय" हा निरोप न्यायला मला हाक मारायचे.

फायली देण्याघेण्याची ही जी बोली आहे तिला एसएमबी म्हणतात. १९८०च्या दशकात आयबीएममध्ये ती तयार झाली, मग मायक्रोसॉफ्टनं आपलीशी केली. विंडोज ९८ला तिची फक्त पहिली आवृत्ती येते. नव्यांना तीही येते, म्हणजे यायची. २०१७च्या शरदापासून विंडोज १०मध्ये ती मुळात बसवलेलीच नसते. कुठल्याशा यादीत जाऊन टिचकी मारली की परत आणता येते, आणि तुमचे जावई ती टिचकी मारणार एवढ्यात थोरली आली.

थोरली हल्ली सायबर सुरक्षा शिकते. घरात तिच्या परवानगीशिवाय आता टोस्टरसुद्धा वायफायला लागत नाही. तिनं बापाच्या हातातला माऊसच काढून घेतला. "बाबा, वॉनाक्राय!" २०१७च्या मे महिन्यात हा किडा एसएमबीच्या त्याच पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून जगभर शिरला, दीडशेच्या वर देशांत. इंग्लंडमधल्या सरकारी दवाखान्यांनी पेशंट परत पाठवले. भोक बुजवायचं औषध मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलं होतं, पण ते घेतो कोण! वर तिनं असंही सांगितलं, की विंडोज ९८च्या शेअरला लावलेला पासवर्ड सबंध यावा लागतच नाही. पलीकडच्यानं नुसतं पहिलं अक्षर पाठवलं, तर हा तेवढंच ताडून पाहून दार उघडायचा. २०००च्या ऑक्टोबरात त्यावर दुरुस्ती निघाली. आपल्या यंत्राला ती कुणी लावली नव्हती, हे सांगायला नकोच.

"पण आपल्या गॅरेजात कोण येणार आहे?" जावई.

"हाच प्रश्न त्या दवाखान्यांनी विचारला होता," थोरली.

बापलेकीचं दोन दिवस बोलणं बंद. निरोप माझ्यामार्फत! बाबा, मी लग्न करून सातारा सोडला, पण निरोप्याची नोकरी काही सुटली नाही.

तोड थोरलीनंच काढली. तिच्याकडे एक रास्पबेरी पाय आहे, म्हणजे पत्त्यांच्या कॅटएवढा कॉम्प्युटर. त्याला एक तारेचं भोक आहे आणि वायफायही आहे. तिनं फर्मान काढलं: जुनं यंत्र तारेनं फक्त पायला जोडायचं, घरच्या नेटवर्कला नाही, इंटरनेटला तर नाहीच नाही. पायवर सांबा नावाची प्रणाली बसवायची, तिनं फक्त तारेच्या बाजूला जुन्याशी त्याच्या बोलीत बोलायचं. वायफायच्या बाजूनं लॅपटॉपनं कुलूपबंद वाटेनं फायली उचलायच्या. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही, दोघांचा मान राहिला. तरी सांबालाही मुद्दाम जुनी परवानगी द्यावी लागते. २०१९पासून त्यांनीही ती पहिली आवृत्ती सुरुवातीलाच बंद ठेवली आहे. जुनं यंत्र पासवर्डही सगळा मोठ्या लिपीत बदलून, सात-सात अक्षरांचे दोन तुकडे करून, त्यांवरून काढलेला संकेत पाठवतं. थोरली ते बघून बराच वेळ हसत होती. मला विनोद कळला नाही, पण बापही हसला, तेव्हा मी समजले की तह झाला.

आणि गंमत ऐका. हे सांबा आपल्या कॅनबेरातलंच! अँड्र्यू ट्रिजेल इथल्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करत होता. युनिक्स यंत्रावरच्या फायली आपल्या पीसीवर दिसाव्यात म्हणून १९९१च्या डिसेंबरात त्यानं हे लिहायला घेतलं. बोलीचं पुस्तक हाती नव्हतं. तारेवरून काय जातं, उलट काय येतं, हे ऐकून ऐकून तो ती शिकला. तो स्वतः उदाहरण देतो की फ्रेंच येत नसलेला माणूस फ्रेंच कॅफेत बसून गिऱ्हाईक काय म्हणतं नि वेटर काय आणतो हे बघत राहिला, तर कधी ना कधी शिकेलच. मला पटलं. मी इथे भाजी घ्यायला असंच शिकले. आता तुमचे जावई त्या युनिव्हर्सिटीवरून गाडी नेताना वेग कमी करतात, देवळावरून जाताना करतात तसा.

पाय जोडला, पण जुन्याच्या 'नेटवर्क नेबरहुड'मध्ये कुणी दिसेना. मी म्हटलं, बिघडलं. तर नाही, निवडणूक चालू होती. खरंच! या जुन्या पद्धतीत तारेवरची यंत्रं आपसात निवडणूक घेतात, कोणी सगळ्यांच्या नावांची यादी सांभाळायची म्हणून, आणि ती यादी ताजी व्हायला दहा-बारा मिनिटं सहज जातात. सांबाचं वजन विंडोज ९८पेक्षा मुळातच जास्त ठेवलेलं असतं, तेव्हा निकाल ठरलेलाच. चहा होईपर्यंत पाय निवडून आला आणि तुमच्या फायली चालत सुटल्या. मधली ती उडत्या कागदांची चित्रं पाहायला आम्ही सगळे गॅरेजात कोट घालून उभे होतो.

लॅपटॉपवर फाईल उघडली, आणि मराठीचा मागमूस नाही! नुसती इंग्रजी अक्षरं, डॉलर, टक्के, उद्गारचिन्हं. माझ्या पोटात गोळा आला. कारण साधं निघालं. तुमच्या त्या वेळच्या फाँटमध्ये मराठी अक्षरांची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली होती. फाईलच्या पोटात मराठी कधी नव्हतीच, फाँटनं घातलेला तो अंगरखा होता. थोरलीनं फाँटही पायवरून उचलून आणला, तेव्हा आजोबा परत मराठीत आले. मग सगळं युनिकोडमध्ये उतरवून घेतलं, म्हणजे आत्याला फोनवरही वाचता येईल.

इथे तुमचं काम सुरू होतं, बाबा. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाईप करायचा. युनिकोडमध्ये क्रम नेमका उलटा. उतरवणाऱ्या प्रोग्रॅमनं बहुतेक ठिकाणी सावरलं, पण सगळीकडे नाही. तुमचा सबंध कुलवृत्तांत सध्या 'कुलकणीर्' घराण्याचा आहे. एका पानावर आमचे पूर्वज 'धमर्निष्ठ' आहेत. शोधा-बदला करून धाकट्यानं पुष्कळ दुरुस्त केलं, तर त्या भरात 'मिरज'ची वेलांटी कुठेतरी उडाली. गोपाळराव परागंदा झाले त्या परिच्छेदात एक ओळ दोनदा आली आहे, ती तुम्हीच लिहिलीत की यंत्रानं, ते बघा. मी प्रिंट काढून कुरियरनं धाडते आहे. त्या प्रतीवर लाल शाई मनसोक्त वापरा. फायलींची मूळ प्रत तीन ठिकाणी ठेवली आहे, काळजी नको. आणि फायलींना नावं देताना आता आठ अक्षरांची काटकसर करू नका. बँकेच्या ट्रेनिंगमधला तो नियम विंडोज ९५पासूनच उठला आहे. कोणत्या फाईलमध्ये कोणती शाखा, हे ओळखताना आमची पुरेवाट झाली.

आई, मेतकूट संपत आलंय. येणारं कोणी असेल तर अर्धा किलो पाठव. गुडघ्याला तेल लावतेस ना?

मुलांचा तुम्हा दोघांना साष्टांग नमस्कार. कळावे, लोभ आहेच.

तुमची,
ताई

ता. क. : हे लिहीत असतानाच तुमचे जावई शेजारच्या आजोबांकडून १९९८चा निळा आयमॅक घेऊन आले. त्या निळ्याचं नाव सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावरून ठेवलंय, म्हणून म्हणे तो 'आपल्याकडचाच'. त्याला फ्लॉपीच नाही, आणि तो ॲपलटॉक नावाची तिसरीच बोली बोलतो, जी खुद्द ॲपलनं २००९च्या मॅकमध्ये काढून टाकली. थोरलीला अजून दाखवलेला नाही. गाडी आजपासून रस्त्यावर.