शोध पवईएन्सिसचा

निवृत्तीनंतर माणसाने बागकाम करावं, भजनी मंडळात जावं. मी जिवाणूंच्या मागे लागलो. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी करणारी एक मुलगी आहे. ती लिफ्टमध्ये सहज म्हणाली, की तळ्याच्या पाण्यातले बहुतेक जिवाणू अजून कुणी वाढवलेलेच नाहीत. झालं! मगरींवर एक डोळा ठेवून मी पवई तलावाचं पाणी लोणच्याच्या बरणीत भरून आणलं.

जिवाणू वाढवायला अगार लागतो, म्हणजे आपलं चायना ग्रास. फॅनी हेसे या बाईंनी 1881च्या सुमारास ते स्वयंपाकघरातून रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत पोचवलं. मी ते स्वयंपाकघरात परत आणलं. बायकोच्या ठेवणीतल्या वाट्या उकळून, बटाट्याच्या पाण्यात शिजवलेलं चायना ग्रास त्यांत ओतून, वर पवईचा थेंब बोटाने नीट पसरून, बशांनी झाकून त्या वाट्या फ्रिजमागे उबेला ठेवल्या, आणि एके सकाळी एका वाटीत पिवळाधमक ठिपका! मी पेढे वाटले.

नव्या जिवाणूला स्वतःचं नाव स्वतःच देणं शिष्टसंमत नाही असं कळल्यावर उदार मनाने 'पवईएन्सिस', म्हणजे 'पवईचा', यावर समाधान मानलं. पण पुढच्या अटी! जिवाणूच्या 16एस जनुकाची सुमारे 1500 अक्षरं माहीत असलेल्या जातींशी ताडायची, आणि इथे पत्रिकेच्या उलट, गुण फार जुळले की लग्न मोडलं: जुळणी साधारण 98.7 टक्क्यांखाली हवी. मग अख्ख्या जीनोमची तुलना. मग जिवंत नमुना दोन वेगळ्या देशांतल्या संग्रहांत जमा करायचा. एक पुण्यात ठेवला, तर दुसरा परदेशी. माझा स्वतःचा पासपोर्ट नाही.

तरी नाव टिकेलच असं नाही. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी 2002 साली डासाच्या आतड्यातल्या एका जिवाणूला 'एरोमोनास क्युलिसिकोला' म्हटलं. 2005 साली तो आधीच बारसं झालेला 'एरोमोनास व्हेरोनाय' ठरला. तिथे माझी काय कथा!

मुलीने ठिपका तपासून आणला. मायक्रोकॉकस ल्युटियस. जगाला 1872पासून ठाऊक. पवई तलाव 1891चा. म्हणजे माझा नवा शोध तलावाहून 19 वर्षांनी जुना निघाला.

"आणि काका, हा बहुधा तळ्यातला नाहीच. माणसाच्या कातडीवर असतो. थेंब कशाने पसरलात?"

उत्तर बायकोने दिलं. आता आमच्याकडे जेवणाआधी हात दोनदा धुवायचा नियम आहे. सगळ्यांना नव्हे.