मेहुणे, डबा आणि कायोटी गल्च

सह्याद्रीत मुरलेल्या ट्रेकरला वाळवंटात न्यावं की नाही, यावर दुमत असू शकतं. पण तो बायकोचा थोरला भाऊ असेल तर आपलं मत कुणी विचारत नाही. आमचे मेहुणे पुण्याहून अमेरिकेत आले ते अलंग-मदन-कुलंगच्या फोटोंसकट. दक्षिण यूटामधल्या कायोटी गल्च या दरीचा बेत ऐकून त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "पायथ्याचं गाव कुठलं?"

पायथ्याचं गाव एस्कलांटे. वस्ती हजाराच्या आत. तिथून चालायला सुरुवात करायची जागा जवळजवळ 40 मैलांवर, आणि त्यातला बराचसा कच्चा रस्ता. पन्हाळी पत्र्यावरून गाडी चालवावी तसा. पिठलं-भाकरीचं घर सोडा, चहाची टपरी नाही.

याच वाटेनं 1879 साली मॉर्मन पंथाची सुमारे अडीचशे माणसं बायका-पोरं, गुरंढोरं आणि गाड्या घेऊन नवी वसाहत करायला निघाली होती. सहा आठवड्यांचा हिशेब होता, लागले जवळजवळ सहा महिने. पुढे कडा आडवा आला, तेव्हा त्यांनी कपारीत सुरुंग लावून वाट रुंद केली आणि 1880च्या जानेवारीत दोरांनी मागे ओढून धरत गाड्या खाली कोलोराडो नदीकडे सोडल्या. वाटेतल्या मुक्कामात एका खडकाच्या अर्धगोल पोकळीत फिडलच्या तालावर नाचलेही! त्यांच्यात कुणाचा मेहुणा नसणार.

दरीतल्या मुक्कामाचा परवाना देणाऱ्या बाईंनी नियम सांगितले. चूल पेटवायची नाही, कुत्रा न्यायचा नाही, आणि ही पिशवी. पिशवीत पांढरी पूड होती. ती कशासाठी, हे बाईंनी अत्यंत सभ्य शब्दांत सांगितलं आणि मी त्याहून सभ्य मराठीत मेहुण्यांना.

"म्हणजे आपलं आपण बांधून परत आणायचं?"

"हो, दादा."

"सह्याद्रीत आम्ही दगडाआड जातो, जावईबापू."

पण इथल्या कोरड्या वाळूत काही लवकर कुजत नाही, दरी अरुंद, आणि तिच्या तळाशी वाहणारा ओढाच सगळ्यांचं पाणी. मेहुण्यांनी पिशवी दोन बोटांत धरून खिशात घातली. त्यानंतर गावात जेवताना ते फारसं जेवले नाहीत.

चालायला लागलो ते हरिकेन वॉशमधून. वॉश म्हणजे कोरडा ओढा. हरिकेन कुठे दिसलं नाही. पहिले काही मैल पाण्याचा थेंब नाही, म्हणून पाणी पाठीवर. एक गॅलन म्हणजे पावणेचार किलोच्या वर, आणि माणशी दिवसाला तेवढं लागतंच. पाऊल पुढे टाकावं तर वाळू निम्मं मागे घेते. अशात मेहुण्यांच्या सॅकमधून खणखणाट ऐकू येत होता. उघडून पाहिलं तर सासूबाईंनी दिलेला स्टीलचा डबा, कड्यांचा, गच्च गूळपोळ्या भरलेला! शिवाय एक छत्री. छत्रीला मी हसलो. थोड्या वेळानं माझी बायको भावाच्या छत्रीखाली गेली आणि डबा माझ्या सॅकमध्ये आला.

जेकब हॅम्ब्लिन या खडकाच्या नैसर्गिक कमानीपाशी पोहोचलो आणि सगळ्यांचीच तोंडं बंद झाली. घोट्याएवढं पाणी, कॉटनवूडची झाडं आणि डोक्यावर पुढे झुकलेली लालभडक भिंत, इतकी उंच की आभाळाची नुसती पट्टी उरते. भिंतीच्या फटीतून पाणी पाझरतं, तिथे नाजूक नेचे उगवलेत. बाटलीचं तोंड त्या धारेखाली धरायचं आणि वाट पाहायची. धार सुतळीएवढी, मधेच हात हलला की पाणी कोपरावरून थेट बगलेत.

मेहुण्यांना कड्याला साद घातल्याशिवाय राहवत नाही. त्यांनी छाती भरून "हर हर महादेव!" ठोकलं. भिंतीनं ते चार वेळा परत केलं. पलीकडच्या तंबूतलं एक जोडपं अनवाणी बाहेर आलं आणि उंचवट्याकडे धावत सुटलं. यात विनोद कमी आणि शहाणपण जास्त. इथे डोक्यावर निरभ्र आभाळ असताना मैलोगणती दूर पडलेल्या पावसाचा लोंढा दरीत येतो. त्यांना वाटलं, कुणीतरी पुराचा इशारा देतंय. त्यांची समजूत अर्ध्या डब्यानं काढली. उरलेला आम्ही संपवला.

परतताना प्रत्येकानं आपापली पिशवी सॅकला बाहेरून लटकवली होती. मेहुण्यांच्या सॅकला काहीच नव्हतं, आणि चालही प्रसन्न होती. बायकोनं विचारलं, "दादा, तुझी कुठाय?"

"डब्यात. कड्या घट्ट बसतात, अजिबात वास येत नाही."

एस्कलांटेतल्या कचऱ्याच्या पेटीत डबा झाकणासकट गेला. सासूबाई अजून दर रविवारी फोनवर त्याची चौकशी करतात. तुम्ही जाणार असाल तर एप्रिल किंवा ऑक्टोबर गाठा, निघण्याआधी पावसाचा अंदाज बघा, पिशव्या एक-दोन जास्तच घ्या, आणि आईच्या हातचं काही न्यायचं असेल तर प्लास्टिकच्या डब्यातून न्या.