मशारनिल्हे

ज्या इसमाचे हे चित्र रेखाटावयाचे आहे त्याचे पाळण्यातले नाव विद्यापीठाच्या दप्तरी नमूद असेलच. परंतु आमच्या वाचनकक्षात त्याला सर्वजण 'मशारनिल्हे' याच नावाने ओळखीत, आणि ही पदवी त्याला डॉक्टरेटच्या आधी सात वर्षे मिळाली होती.

पुण्याच्या पेशवे दप्तरात तो प्रथम अवतरला तेव्हा प्रबंध त्याच्या काखेतच होता. म्हणजे अर्पणपत्रिका, ऋणनिर्देश आणि 'राजवाडे व सरदेसाई यांचे प्रमाद' हे अखेरचे प्रकरण एवढे सिद्ध होते, मधला मजकूर तेवढा साधने पाहून भरावयाचा शिल्लक होता. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या ग्रंथमालेचा पहिला खंड काढला व पुढे त्या खंडांची संख्या २२ वर नेली. सरदेसायांनी तर याच दप्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड १९३० पासूनच्या अवघ्या चार वर्षांत छापविले. एवढे कागद चाळणाऱ्यांच्या हातून चुका व्हावयाच्याच, आणि ज्याने अद्याप एकही कागद चाळला नाही त्याच्या हातून एकही होत नाही, या न्यायाने त्याची बाजू अत्यंत भक्कम होती. शिपायाने अदबीने विचारले, "रुमाल आणू का?" रुमाल म्हणजे दप्तरातील कागदांचे गाठोडे, हे ठाऊक नसल्याने त्याने "नको, माझ्याजवळ आहे," असे म्हणून खिशातला काढून दाखविला.

लेखणी न उचलता लिहिली जाणारी, शब्दाशब्दांत फट न ठेवणारी आणि ऱ्हस्वदीर्घाची पर्वा न करणारी मोडी त्याला तीन महिन्यांत लागू लागली, आणि लागलीच त्याने साठ पृष्ठांचे प्रकरण मार्गदर्शकांपुढे ठेवले: 'मशारनिल्हे घराण्याचा उदय'. हे घराणे कधी गुजरातेत चौथ वसूल करीत होते, कधी कर्नाटकात गढीला वेढा घालून बसले होते, तर कधी ऐन त्याच सुमारास पुण्यात शालजोडी स्वीकारीत होते. असा एक कागद नव्हता की ज्यात त्याचा उल्लेख नाही, आणि असा एक इतिहासकार नव्हता की ज्याने त्याची दखल घेतली आहे. या मौनामागे काही हेतू असावा, असा गर्भित इशाराही त्याने अखेरीस दिला होता. मार्गदर्शकांनी समासात तांबड्या शाईने एकच ओळ लिहिली: "मशारनिल्हे म्हणजे वर सांगितलेला, फारसी कचेरीतला शब्द आहे." तीन दिवस तो कोणाशी बोलला नाही. वाचनकक्ष मात्र बोलत होता.

शुहूर सन मृग नक्षत्रावर पालटतो आणि त्यात ५९९ किंवा ६०० मिळविले की इसवी सन येतो, हे वर्गात ज्या दिवशी सांगितले त्या दिवशी तो गैरहजर असावा. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे ११६१, एवढे त्याने बिनचूक लावले. पण तो आकडा हिजरीचा समजून त्याने जंत्री पाहिली, आणि पानिपतच्या संहाराची बातमी देणाऱ्या पत्राखाली १७४८ हे साल घातले. पानिपत झाले १४ जानेवारी १७६१ रोजी. अशुभ वार्ता वाऱ्यावर येते हे खरे, तरी ती तेरा वर्षे आधी येऊन पोचल्याचे उदाहरण माझ्या वाचनात नाही. मार्गदर्शकांनी शांतपणे विचारले, "मग भाऊसाहेब तिकडे गेले कशाला?"

माझी अशी समजूत आहे की याच प्रश्नाने तो खरा विद्यार्थी झाला. 'मराठेशाहीचा समग्र इतिहास' हा विषय आधी एका प्रांतावर, मग एका परगण्यावर आणि सरतेशेवटी एका नाक्यावरील अकरा वर्षांच्या जकातीवर आला. विशेषणे गळाली, 'निःसंशय'च्या जागी 'बहुधा' आले आणि 'बहुधा'लाही तळटीप आली. पुढे या तळटिपा इतक्या माजल्या की पृष्ठावरील मुख्य मजकुराच्या दोन ओळी पुरात कौलांवर चढून बसलेल्या कुटुंबासारख्या दिसत. ही सावधगिरी त्याच्या प्रपंचातही शिरली. हॉटेलवाल्याने महिन्याचे बारा चहा सांगितले की हा गल्ल्यावरची वही आणि पोऱ्याची साक्ष अशा दोन परस्परनिरपेक्ष आधारांची मागणी करी. आणि वधूपित्याने नोकरी कायम आहे काय असे पुसले असता, "तसे मानण्यास तूर्त पुरेसा आधार नाही," असे त्याने उत्तर दिल्याचे मी स्वतः ऐकले आहे. लग्न झाले. त्या गृहस्थांनाही जुन्या कागदांचा नाद होता.

प्रबंध २४० पृष्ठांत आटोपला. राजवाड्यांच्या प्रमादांचे प्रकरण त्यात नव्हते. ऋणनिर्देशात मात्र राजवाड्यांचे नाव होते, आणि शिपायाचेही.

परवा एक नवी विद्यार्थिनी त्यांच्या मेजापाशी येऊन दबकत म्हणाली, "सर, हा सालमजकूर कोण सरदार? दर कागदात सापडतो, पण त्याचे घराणे काही हाती लागत नाही." वाचनकक्षातील साऱ्या माना वर झाल्या. मशारनिल्हे यांनी खिशातला रुमाल काढून चष्मा पुसला.

"जबरदस्त माणूस," ते म्हणाले. "दर मृगाला नवा होतो. बसा, कागद पाहू."