भर उन्हाळ्यात लोकर

जुलैत ‘टूर द फ्रान्स’ ही सायकल शर्यत सुरू झाली की जगभरचे काही हौशी लोक चरखा नाहीतर टकळी घेऊन बसतात. 2006 पासून चाललेल्या या उद्योगाचे नाव ‘टूर द फ्लीस’. सायकलस्वार धावतील त्या दिवशी आपण लोकर कातायची, त्यांच्या विश्रांतीच्या दिवशी आपणही हात आवरायचा आणि घाट लागला की आपणही जरा अवघड काम काढायचे. ऐन उन्हाळ्यात लोकर म्हणजे रिकामटेकडेपणा, असे शहाण्यांचे मत आहे. हेच शहाणे 21 टप्पे सोफ्यावर पडून दुसऱ्यांचा घाम बघतात. ते मात्र क्रीडाप्रेम!

उकाड्याचा आक्षेप टिकत नाही. युरोपात मेंढ्यांची कातरणी बहुधा उन्हाळ्याच्या तोंडावर होते आणि स्वेटर लागतो हिवाळ्यात. मधल्या काळात कोणीतरी तंतू विंचरायला, ओढायला, पिळायला हवेत. मग दोन पदर एकत्र घेऊन उलटा पीळ द्यायला हवा, नाहीतर धागा स्वतःभोवतीच गुरफटतो. दुकानात आयती लोकर मिळते, हा दुसरा आक्षेप. मिळतेच की! पॅरिसला आगगाडीही जाते, म्हणून सायकलने आल्प्स चढणाऱ्याला कोणी वेडा म्हणत नाही. शिवाय शर्यतीत आघाडीवर असलेल्याची, 1919 साली आलेली ती मानाची पिवळी जर्सीही तेव्हा लोकरीचीच होती. तीन आठवड्यांनी समालोचकांची टकळी थांबते, तेव्हा प्रेक्षकाच्या हाती फक्त निकाल उरतो आणि कातणाऱ्याच्या हाती धागा. रिकामटेकडे कोण, हे ज्याचे त्याने ठरवावे.