जग वाचवणे आहे, चार जण पाहिजेत

'बाल्डर्स गेट ३' सुरू होतो तेव्हा डोळ्यावाटे एक अळी तुमच्या मेंदूत सोडलेली असते. वेळीच उपाय झाला नाही तर तोंडाला सोंडा फुटून तुमचा राक्षस होणार, हेही लवकरच कळते. अशा वेळी सुज्ञ माणूस आधी वैद्य गाठेल. खेळाडू आधी तासभर केसांची वळणे पाहत बसतो. त्यात गैर काही नाही. प्रस्तुत मार्गदर्शन केस ठरल्यानंतरचे आहे.

बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजने २०२३ साली आणलेल्या या खेळात क्लास, म्हणजे पात्रांचे पेशे, बारा आणि पथकात जागा चार. उमेदवार जास्त, जागा कमी, तेव्हा गोंधळ उडणारच. गोंधळलेल्यांनी मूळ ग्रंथाकडे जावे. हा खेळ ज्यावर बेतला आहे त्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये १९७४ साली तीनच क्लास होते : लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक, म्हणजे देवाच्या कृपेने जखमा भरणारा. पुढच्या वर्षी त्यांत चोराची भर पडली. मारणारा, जाळणारा, बरे करणारा आणि खिसा कापणारा : एवढ्यावर कुठलीही संस्कृती चालते. बाकीचे आठ ही हौस समजावी.

आता गुणवाटप. शक्ती, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि करिष्मा या सहा गुणांत २७ पॉइंट वाटायचे असतात. विषम आकड्यावर थांबू नये. १५चे फळ १४इतकेच मिळते, वरचा पॉइंट देवाला वाहिल्यासारखा. कुठे काटकसर करावी असे विचाराल तर निःसंकोचपणे बुद्धीत करावी. बारा क्लासपैकी मुख्य गुण म्हणून बुद्धी लागते ती एकट्या विझार्डला. इतर सर्व जण बुद्धी ८ ठेवून जग वाचवतात. याउलट बार्ड, सॉर्सरर, वॉरलॉक आणि पॅलडिन अशा चौघांची जादू करिष्म्यावर चालते. रचनाकारांनी जगाचे निरीक्षण बारकाईने केले आहे, यात शंका नाही.

करिष्मावाला एक तरी घ्यावाच, कारण निम्म्या लढाया बोलून टळतात. मात्र त्याला पुढे चालू द्यावे. जो पहिल्यांदा तोंड उघडतो त्याच्याच गुणांवर फासे पडतात, असा इथला नियम आहे. मित्रांसोबत खेळताना करिष्मा ८ असलेला बार्बेरियन हमखास पुढे धावतो, पहारेकऱ्याशी बोलणे सुरू करतो, आणि मागून तिघे 'अरे थांब' म्हणेपर्यंत तलवारी उपसलेल्या असतात. अशा मित्राला काही तरी उचलायला द्यावे.

बोलण्याच्या कामासाठी माझे मत बार्डला. त्याच्याकडे एक विलक्षण विद्या आहे : शत्रूला खोचक शब्दांत टोचून बोलायचे. त्याने चार बाजूंच्या फाशाइतकी इजा होते आणि अपमानित शत्रूचा पुढचा वारही नीट बसत नाही. टोमणा वर्मी लागून गॉब्लिन जागच्या जागी मरताना दिसतो. ही विद्या मूळ कोणत्या शहरातली असावी, ही चर्चा इथे नको.

मित्रमंडळीत क्लेरिक व्हायला कोणीच तयार नसते. चिठ्ठ्या टाकाव्यात. ज्याच्या नावाची निघेल त्याला सांगावे की दिवसभर मलमपट्टी करत बसू नकोस. जखमा भरण्यापेक्षा शत्रू लवकर मेलेला बरा. 'ब्लेस' हा स्पेल तिघांवर टाकला की त्यांच्या प्रत्येक हल्ल्यात एका छोट्या फाशाची भर पडते. गडी आडवा झाला तर 'हीलिंग वर्ड'ने लांबूनच उठवता येतो. फक्त ज्या स्पेलना एकाग्रता लागते, त्यांतला एका वेळी एकच चालतो. ब्लेस चालू असताना उत्साहाने दुसरा टाकलात, तर पहिला गेलाच.

विझार्ड पहिल्या लेव्हलला सहा प्राणांनिशी येतो आणि बार्बेरियन बारा. काटकपणाची भर वेगळी. सबब विझार्डने मागे उभे राहावे. पाचव्या लेव्हलला त्याला फायरबॉल मिळतो आणि त्याचा स्वभाव बदलतो. आगीच्या घेरात आपला बार्बेरियन उभा आहे, ही त्याला किरकोळ बाब वाटू लागते. अशाने मैत्री तुटते. विझार्डला इव्होकेशन शाखेत घालावे. त्या शाखेची आग आपल्या माणसांना सोडून जाते.

पॅलडिन हा शपथेला बांधलेला योद्धा. शपथ मोडली तर हजार नाणी भरून ती पुन्हा घेता येते. अधिक लिहीत नाही.

काही जण एकाच क्लासवर समाधानी नसतात. लेव्हल बारा, क्लासही बारा, तेव्हा प्रत्येकाची एकेक घेऊन बारा गावचे पाणी प्यायलेला वीर बनवता येतो. तो प्रत्येक कामाला उभा राहतो आणि एकही तडीस नेत नाही. लढवय्याला पाचव्या लेव्हलला एका पाळीत दोन वार मिळतात. तोवर तरी त्याने इकडेतिकडे पाहू नये.

विश्रांतीचेही पाहावे. साध्या पातळीवर रात्रीच्या मुक्कामाला शिधा लागतो ४० एकक, आणि संपलेली जादू परत मिळवायला जादूवाले प्रत्येक चकमकीनंतर झोपायला निघतात. वॉरलॉक तेवढा घटकाभर टेकला की पुन्हा ताजातवाना. शिधा संपत आलेल्या पथकाने त्याचा विचार करावा.

इतके करूनही पथक फसले, तर उंच जागा गाठून शत्रूला धक्का द्यावा. दरीत गेलेल्याला कोणताच क्लास वाचवत नाही. त्याच्या अंगावरचा मालही दरीत जातो, हे मात्र आधी मोजून घ्यावे.

शेवटची सोय. विदर्स नावाचा एक हाडांचा सापळा तळावर येऊन राहतो आणि १०० नाण्यांत कोणाचाही क्लास मुळापासून बदलून देतो. म्हणजे वरील सर्व मार्गदर्शन न वाचताही तुमचे भागले असते. शिवाय दिलेली नाणी त्याच्याच खिशातून परत काढता येतात, पण त्याला हलका हात लागतो. तेव्हा बाकीचे तिघे कोणीही घ्या, चोर मात्र घ्याच.