मिरचीच्या बिअरचे आस्वादशास्त्र

मिरची घालून आंबवलेली बिअर हा तहान भागवण्याच्या निमित्ताने तहान वाढवणारा पेयप्रकार असून, तो चाखणाऱ्याची गत आगीतून उठून फुफाट्यात पडल्यासारखी का होते, याचे उत्तर चवीच्या नव्हे, तर वेदनेच्या शास्त्रात सापडते. मिरचीला जाळ देणारे कॅप्सेसिन हे द्रव्य जिभेतील टीआरपीव्ही१ या प्रथिनाला चेतवते; आणि हे प्रथिन एरवी सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता जाणवली की मेंदूला भाजल्याची वर्दी देणारे असल्याने, बर्फासारख्या गार पेल्यातला घोट घेऊनही मेंदू कपाळावर घाम आणतो. हे प्रथिन हुडकणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले आणि अशी बिअर गाळणाऱ्यांना डेन्व्हरच्या ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हलमध्ये स्वतंत्र गटात पदके मिळतात. पिणाऱ्यांच्या वाट्याला मात्र निव्वळ ठसका येतो.

बिअर येथे तारक म्हणून येते आणि फितूर निघते. कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मद्यार्कात विरघळते. परंतु बिअरमध्ये मद्यार्क साधारण पाच टक्के आणि उरलेले बहुतेक पाणीच असल्याने तो जीभ धुऊन काढण्यास अपुरा पडतो, उलट त्याच प्रथिनाला इतका हळवा करतो की शरीराची नेहमीची ऊबही त्यास सोसेनाशी होते. फसफसणाऱ्या वायूपासून तोंडात तयार होणारे आम्ल स्वतःच किंचित बोचरे असते, ते वेगळेच. परिणामी पहिल्या क्षणी गारवा, मग माल्टचा, म्हणजे मोड आणून भाजलेल्या सातूचा, गोडसरपणा, मग घोट गिळून झाल्यावर घशाच्या मागच्या बाजूस एक संशयास्पद शांतता आणि त्यानंतर नाकाडोळ्यांतून पाणी, असा क्रम ठरलेला असतो. चाखणारा यावर उपाय म्हणून दुसरा घोट घेतो, आणि विक्रेत्याचे अर्थशास्त्र नेमके येथेच सुरू होते.

अमेरिकेत या प्रकाराने बऱ्याच मर्यादा ओलांडल्या आहेत. अॅरिझोनातील केव्ह क्रीकच्या नावाने विकल्या गेलेल्या बिअरच्या प्रत्येक बाटलीत एक अख्खी सेरानो मिरची तरंगत असे. बाटली तिरपी केली की ती मानेशी येऊन अडे आणि पिणाऱ्याला तिची मनधरणी करावी लागे. कोलोरॅडोतील बोल्डर येथील ट्विस्टेड पाइन या मद्यशाळेने तर ईशान्य भारतातील भूत जोलोकियाला हात घातला. विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ मध्ये मिरचीचा अर्क साखरपाण्यात तिखटपणा जाणवेनासा होईपर्यंत पातळ करून मोजण्याची जी रीत काढली, तिच्या एककांत ही मिरची दहा लाखांच्या पुढे जाते, तर हालापेनो काही हजारांतच थांबते. अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या गलबतांवरून सोळाव्या शतकात भारतात आलेल्या वनस्पतीने अशा रीतीने माहेरची परतभेट घेतली. सोबत काय आणले, हे माहेरच्यांना पहिल्या घोटातच कळले असावे.

तिखटाची ही चढाओढ पैलवानकीची आहे, पाककलेची नाही. जाणकार मद्यकार मिरचीतील पांढुरक्या शिरा आधी काढून टाकतो, कारण जाळ बियांपेक्षा तेथेच दडलेला असतो. मग मिरची विस्तवावर भाजून मुख्य आंबवण संपल्यावर थोडा काळच बिअरमध्ये ठेवतो, म्हणजे भाजक्या सालीचा वास उतरतो आणि दाह बेताचा राहतो. मिरचीतील तेलकट अंशामुळे फेस बसण्याची भीती असतेच. अशी बिअर हिरव्या मिरचीचा ताजा, गवतासारखा वास देते आणि दुसरा घोट नाइलाजाने नव्हे, आवडीने घ्यावासा वाटतो. तीच पैसे मोजण्याच्या लायकीची. बाकीच्यांची चव घ्यायचीच असेल, तर लहान पेला मागवावा आणि शेजारी दूध ठेवावे, कारण कॅप्सेसिनला जिभेवरून उचलणारे केसीन दुधात असते; पाण्याचा तांब्या केवळ शोभेपुरता.