जर्नलचा दंड मोजा

जव्हार-मोखाड्यात कुपोषण किती यावर वाद असेल, पण कुपोषणावरचं संशोधन मात्र चांगलं धष्टपुष्ट आहे. 1992-93 मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी जव्हारचं नाव देशभर झालं. तेव्हापासून जो घाट चढून येतो तो पोरांचे दंड मोजून जातो. ती मापं ज्या जर्नलात छापून येतात, ते जर्नल कुठल्या प्रतीचं हे कोणी मोजत नाही.

पट्टी आमच्या अंगणवाडीताईंकडे आहे. दंड साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरला की लाल, साडेबारापर्यंत पिवळा, पुढे हिरवा. आणि सूज असेल तर वजनावर जायचं नाही. दोन्ही पावलं अंगठ्याने दाबायची, खळगा राहिला की पोर थेट ‘सॅम’मध्ये, म्हणजे अतितीव्र कुपोषितांत.

जर्नलही असंच दाबून पाहावं. नावात ‘इंटरनॅशनल’, ‘ग्लोबल’ आणि ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ तिन्ही असतील तर सुजेचा संशय घ्यावा. संपादक मंडळावरच्या साहेबांना आपण तिथे असल्याचं ठाऊक आहे का? इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलच्या वजनाचा आकडा, दिला कोणी? लेख सोमवारी धाडला आणि गुरुवारी ‘स्वीकारला, पैसे भरा’ असं उत्तर आलं, तर परीक्षकांनी तो वाचला कधी? खळगा!

2013 मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने लायकेनमध्ये, म्हणजे आपल्या दगडफुलाच्या भावकीत, कॅन्सरचं औषध सापडल्याचा ढोबळ चुकांचा बनावट लेख फुकट वाचता येणाऱ्या 304 मुक्त जर्नलांना धाडला. 157 जणांनी तो आनंदाने घेतला. आपल्याकडे यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, मान्य जर्नलांची यादी होती म्हणावं, तर पुण्याच्या भूषण पटवर्धनांनी सहकाऱ्यांसह त्या यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली 1009 जर्नलं तपासली. 88 टक्के नापास! मे 2018 मध्ये आयोगाने 4305 नावं यादीतून काढली.

फुकट वाचायला मिळतं म्हणून जर्नल हलकं, असं मात्र नाही हं. मुंबईच्या केईएमच्या ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ने लेखकाकडून छदाम न घेता लेख जगाला खुले केले.

इकडे ताईंची वही मुख्यसेविका तपासते, मग डॉक्टर तपासतात, आणि खाडाखोड दिसली की जाब विचारला जातो. तेच आकडे ‘इंटरनॅशनल’मध्ये गेले की कोणी चष्मासुद्धा लावत नाही. पैसे भरले, लेख छापला, प्राध्यापकसाहेबांची बढती झाली. शेवटचं वाक्यही ठरलेलं: ‘या भागात अधिक संशोधनाची गरज आहे.’ म्हणजे पुढच्या वर्षी घाटात संशोधकांची आणखी एक गाडी आणि आणखी एक बढती.